भोंगा खाली ठेवून

बायकांसाठीचा खेळ सुटला आणि ताईबाई डोक्यावर पदर ओढून तरातरा घराकडे निघाली. मागून गल्लीतल्या सात जणी येत होत्या. सिनेमाला चला, असा आग्रह ताईबाईनेच धरला होता. का धरणार नाही? तिचा नवरा भिकन टांग्यात बसून धुळ्याच्या गल्लोगल्ली भोंग्यातून त्याच सिनेमाची जाहिरात करत होता. "बेजोड! बेमिसाल! एकदा पाहाल, जन्मभर आठवाल!"

सात जणींना तो सिनेमा आत्ताच आठवत होता. नायिका अडीच तास उपाशी, पण गळ्यातली सोन्याची पोत मोडायचं काही तिला सुचलं नाही. विहिरीवर तिने दोर असा धरला होता की खरी बाई असती तर घागरीसकट आत गेली असती. आणि नायक! त्याला रडण्यापलीकडे दुसरं काम नव्हतं.

"भिकनभाऊले इचारजो बरं," शेजारची कुंदाबाई म्हणाली, "त्यासनी कोनता पिच्चर देखा?"

सगळ्या हसल्या. ताईबाई हसली नाही.

संध्याकाळी भिकन जेवायला बसला. भोंगा कोनाड्यात ठेवलेला, दिवसभर ओरडून घसा बसलेला. पानात वांग्याचं भरीत आणि कळण्याची भाकर होती. पहिला घास घेतला आणि तो सवयीने म्हणाला, "बेजोड."

ताईबाईचा भाकर थापणारा हात थांबला.

"तुम्ही तो पिच्चर देखा व्हता का?"

"मी कव्हय देखसू? आत पिच्चर चालू ऱ्हास तव्हय मी टांगावर. मालक कागद लिखी देस, मी बोलस."

"म्हनजे न देखताच बेजोड?"

"बठ्ठाच पिच्चर बेजोड ऱ्हातस. पडेल शे म्हनी सांगं, तर कोन यी?"

भिकनला वाटलं विषय संपला. पण ताईबाई कुठल्या कुठे जाऊन पोचली होती. चौदा वर्षांपूर्वी तो तिला पाहायला आला तेव्हा तिने दाराआडून ऐकलं होतं. तो आपल्या आईला म्हणाला होता, "पोर बेजोड शे." त्या एका शब्दावर तिने चौदा वर्षं सुखाने संसार केला होता. तेव्हाही तो भोंग्यावरच होता, हे तिच्या आज ध्यानात आलं.

"माले बेजोड म्हनेल व्हतं," ती चुलीकडे बघत म्हणाली, "ते बी तसंच का?"

अख्ख्या धुळ्याला ऐकू जाईल अशा आवाजाच्या माणसाने पाण्याचा तांब्या उचलला. जिभेवर आला तो 'बेमिसाल'. तो त्याने पाण्याच्या घोटाबरोबर गिळला. ताईबाईने भाकर त्याच्या पानात टाकली आणि ती उठली. त्या रात्री ती जेवली नाही. तिला फार वाईट वाटलं होतं, आणि कुणावर रागवावं तेही कळत नव्हतं.

दोन दिवस घरात कामापुरतंच बोलणं झालं.

शुक्रवारी नवा सिनेमा लागला. दुपारी गल्लीच्या तोंडाशी भोंगा वाजला, तशा बायका दारात आल्या. ताईबाई उंबऱ्यात बसून भाजलेली वांगी सोलत होती. तिने मान वर केली नाही.

"बेजोड! बेमिसाल!"

एरवी टांगा तिच्या दारावरून न थांबता जायचा. आज भिकनने टांगेवाल्या रहीमच्या खांद्यावर हात ठेवला. रहीमने लगाम ओढला. भिकनने भोंगा तोंडापासून काढून मांडीवर ठेवला. भोंग्याशिवायचा त्याचा आवाज अगदीच घोगरा आणि बारीक होता.

"हाऊ पिच्चर पडेल शे," तो म्हणाला. "काल मशीनवाला रीळं तपासत व्हता, तव्हय बशीसन बठ्ठा देखा. जाऊ नको."

रहीमने चमकून मागे पाहिलं.

"आनि भरीतमा मीठ कमी ऱ्हास. कायमनं."

ताईबाईने आता मान वर केली. "मंग चौदा वरीस सांगं काबर नही?"

"कागदवर नव्हतं."

रहीमला हसू आवरेना. घोडा एक पाऊल पुढे गेला, तो त्याने पुन्हा थांबवला. भिकन मांडीवरचा भोंगा उगाच इकडून तिकडे फिरवत राहिला. मग तिच्याकडे बघून, एकेक शब्द उचलून ठेवल्यासारखा तो म्हणाला, "आनि तू चांगली शे."

एवढा साधा शब्द त्याने आजवर कशालाच वापरला नव्हता.

टांगा पुढे गेला. वळणावर भोंगा पुन्हा वर झाला आणि सिनेमा पुन्हा बेजोड झाला. कुंदाबाई लगबगीने आली.

"मंग, जावानं का पिच्चरले?"

"नको," ताईबाई म्हणाली. "पडेल शे. आमना मानुसनी देखेल शे तो."

ती वांगी घेऊन आत गेली. लाकडी बडगीत मिरच्यांबरोबर ती ठेचली. नेहमीएवढं मीठ टाकलं, मग आणखी एक चिमूट टाकली. बोटावर घेऊन चाखलं.

खरंच कमी होतं. तिने अजून एक चिमूट घेतली.