गळ्याकडे बघ

"गळ्याकडे बघ," उस्ताद म्हणाला. "पंज्याकडे नाही. पंजा बघणारा मरतो."

किल्लीने मान हलवली. दहा वर्षं ती हेच ऐकत आली होती. बाप कुलपं करायचा, म्हणून कोटातल्या पोरांनी तिचं नाव किल्ली ठेवलं होतं. आज तिची शेवटची परीक्षा होती. तिच्या बापाला फाडणारं श्वापद खाली तळघरात बसलं होतं.

कोटाची रीतच तशी होती. ज्या घरात श्वापद शिरलं, त्या घरचं पोर इथे आणायचं. श्वापद जिवंत धरून कोंडायचं. पोर तयार झालं की दोघांना एकाच रिंगणात सोडायचं.

"जेवलीस का गं?" तळघराच्या पहारेकरणीने विचारलं. "नसशील तर बरंच. ओकायला काही राहत नाही."

"त्याला काय घातलंस?"

"उकडलेली गाजरं. दुसरं काही गिळत नाही मेलं. दहा वर्षांत माझ्यावर एकदा गुरकावलं असेल तर शपथ. माझ्या नवऱ्यापेक्षा हे परवडलं."

"माझ्या बापावर गुरकावलं असेल."

गजांआड श्वापद भिंतीकडे तोंड करून बसलं होतं. त्याचे दोन्ही पंजे जाड चामड्याच्या पिशव्यांत शिवलेले होते. त्या पिशव्या फक्त रिंगणाच्या दारात कापत.

वर उस्ताद वाळू सारखी करत होता. त्याच्या हातात आखूड दांड्याचं, चार दात्यांचं लोखंडी दाताळं होतं. त्याला तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. "परीक्षा झाली की मिळेल," एवढंच म्हणायचा.

दहा वर्षांपूर्वी त्या सकाळी ती पाण्याला गेली होती. कळशी घेऊन परतली, तर बाप कामाच्या टेबलाखाली पडलेला. चिमट्यात अर्धी घासलेली किल्ली तशीच. त्याच्या छातीवर चार चिरा होत्या, सारख्या अंतरावर. आधी दाते मोज, मग कुलपाला हात लाव, असं त्यानेच शिकवलं होतं. रडण्याआधी तिने मोजून घेतलं होतं.

सगळ्यांत आधी उस्तादच धावत आला. त्याने प्रेतावर आपला अंगरखा टाकला, तिचं मनगट चाचपलं आणि म्हणाला, "चांगलं आहे." ते शब्द तिने दहा वर्षं जपले होते. त्या दिवशी तिच्याशी दुसरं कुणी बोललंच नव्हतं.

दार वर गेलं. पहारेकरणीने पिशव्या कापल्या आणि ती मागे सरली. श्वापद उन्हात आलं, डोळे मिचकावत उभं राहिलं. किल्ली गळ्याकडे बघत होती. त्याने दोन्ही हात वर घेतले, डोकं झाकल्यासारखे. डाव असणार. ती तलवार घेऊन खालून शिरली आणि एकाच घावात काम झालं.

तटावरून टाळ्या पडल्या. जिंकणाऱ्याने एक नख काढून घ्यायचं असतं. ती गुडघ्यांवर बसली. गरम पंजा तिने उलटा केला आणि बोटं सोडवली.

तीन नखं. वाकडी, एकमेकांपासून लांब, टोकं झिजलेली.

तिने दुसरा पंजा उघडला. तीन.

मागे वाळू खरवडल्याचा आवाज थांबला.

"मोजलीस?" उस्तादाने विचारलं.

"हो."

"बरं झालं. न मोजणाऱ्यांना आम्ही तटावर पहाऱ्याला लावतो. मोजणारे थोडे निघतात."

तिने तलवारीची मूठ आवळली. तटावर धनुष्यं वर झाली. उस्तादाने तिकडे पाहिलंही नाही. त्याने दाताळं तिच्या डाव्या हातात दिलं आणि तिची बोटं दांड्यावर नीट मिटवली, पहिल्या दिवशी तलवारीवर मिटवली होती तशीच. चार दात्यांतलं अंतर तिला न बघताच माहीत होतं.

"काल रानातून एक नवं श्वापद धरून आणलंय," तो म्हणाला. "त्याला पोर हवं. तटाखाली तो दिवेवाला राहतो ना, त्याला दुसरं कुणी नाही. त्याची पोरगी सकाळी पाण्याला जाते, तेव्हा जा. मनगट चांगलं आहे तिचं."