तिन्हीसांजेचा नेम

वेंडेलने आपल्या बंदुकांच्या दुकानाची झडप खाली ओढली, छतातले दिवे बंद केले आणि गल्ल्याजवळचा एक बारका बल्ब तेवढा ठेवला. बाहेर वायोमिंगचं लख्ख ऊन पडलं होतं. आत तिन्हीसांज झाली.

"एवढाच उजेड असतो ना, काका?"

"याहूनही जरा कमी," ग्राशियन म्हणाला.

ग्राशियनच्या मेंढ्या व्यायला लागल्या होत्या आणि दिवस कलला की कोयोट कुंपणाशी येऊन बसत. कोल्ह्यांहून थोराड आणि फार निर्लज्ज. नुकतंच त्यांनी एक कोकरू आईच्या पायातून ओढून नेलं होतं. हातात ओलं कोकरू असताना रायफल पेलत नाही, म्हणून ग्राशियनच्या कमरेला पिस्तूल असे. त्याच्या साइट, म्हणजे नेम धरायला नळीवर पुढेमागे असलेले खुंट, काळ्या होत्या. संध्याकाळी दिसत नाहीत, दोष त्यांचाच, असं त्याने घरी ठासून सांगितलं होतं. मायतेने, त्याच्या बायकोने, ते ऐकून घेतलं होतं. आज गाडी मात्र तिने चालवत आणली होती आणि आता ती काउंटरशी उभी होती.

वेंडेलने पिस्तूल रिकामं असल्याची खात्री केली, ग्राशियनलाही ते दाखवलं आणि नमुन्याची पहिली साइट बसवून हातात दिली. नळीच्या टोकाशी लाल काडी होती. उन्हात ती निखाऱ्यासारखी दिसली असती. इथे ती विझलेलीच राहिली.

"हिला ऊन लागतं," ग्राशियन म्हणाला. "माझ्याकडे ऊन असतं तर तुझ्याकडे कशाला आलो असतो?"

वेंडेल हसला आणि दुसरी बसवली. हिच्यात तीन हिरवे ठिपके होते, दोन मागे आणि एक पुढे. बाहेरचा उजेड नसला तरी ते आपले आपण चमकत.

ग्राशियनने दुकानाच्या मागच्या भिंतीकडे हात लांब केला. तिथे कोयोटचं मोठं चित्र लावलेलं असे. त्याचा हात अजून दगडासारखा स्थिर होता. तिन्ही ठिपके एका ओळीत आले आणि तसेच राहिले. त्याला बरं वाटलं. फार दिवसांनी इतकं बरं वाटलं.

"हीच बसव. बरोबर छातीवर आहे त्याच्या."

वेंडेलने नुसता घसा खाकरला. ग्राशियनने पिस्तूल खाली केलं.

"दिवा लाव."

दिवे लागले. समोर खुंटीला वेंडेलचा तपकिरी कोट लटकत होता. कोयोटचं चित्र तिथून हातभर उजवीकडे होतं.

वेंडेल घाईघाईने बोलू लागला. पिस्तुलाखाली लावायचा दिवा मिळतो, काचेत लाल ठिपका दाखवणारी साइट आहे, थोडी महाग पडेल पण सवय झाली की काही अडचण येत नाही. ग्राशियनने त्याला बोलू दिलं. तो कोटाकडे बघत होता. कोट वेंडेलचा होता, आणि एरवी वेंडेल तो अंगातच घालून हिंडत असे. डोळ्यांच्या डॉक्टरने हिवाळ्याआधीच सांगितलं होतं की दिवसाचं दिसत राहील, पण संध्याकाळचं गेलं ते परत यायचं नाही. तेव्हा ग्राशियनने मान डोलावली होती आणि घरी येऊन मेंढ्यांकडे गेला होता.

आता त्याने पिस्तूल काउंटरवर ठेवलं आणि मायतेकडे सरकवलं.

"हिच्या डोळ्यांना कुठली चालते ते बघ."

"काकूंच्या?"

"मेंढ्या तिच्याही आहेत."

मायतेने हातमोजे काढून खिशात कोंबले. हे कधीतरी होणार असं जणू ती धरूनच चालली होती. वेंडेलने पुन्हा दिवे घालवले. तिने पिस्तूल उचललं, पाय रोवले आणि उजवा डोळा मिटला. इतकी वर्षं एका घरात काढली, पण ही डाव्या डोळ्याने नेम धरते हे ग्राशियनला आज कळत होतं.

तिला ती साइट पसंत पडली नाही. मागचे दोन ठिपके डोळ्यांत घुसतात, म्हणाली, त्यांच्याकडेच बघत बसलं की पलीकडचं दिसेनासं होतं. वेंडेलने मागची साइट काढून साधी काळी बसवली. पुढचा एकच हिरवा ठिपका राहिला. तिने पुन्हा हात लांब केला. ठिपका थरथरला. ग्राशियनच्या जिभेवर शब्द आले होते, खांदे सैल सोड म्हणून. ठिपका हळूहळू स्थिर झाला.

"ही चालेल," ती म्हणाली. "आणि तो दिवाही दे. आधी बघायचं, मग नेम धरायचा."

वेंडेल कामाला लागला. ग्राशियनने कमरेचा पट्टा सोडला आणि तिला दिला. तिने तो स्वतःच्या कमरेला लावून पाहिला, तर शेवटच्या भोकातही तो ओघळत होता. वेंडेल म्हणाला की बायकांच्या मापाचे नवे पट्टे आलेत, छान आहेत.

"हाच," मायते म्हणाली. "भोक पाडून दे."

ग्राशियनने पट्ट्याची दोन्ही टोकं धरून कातडं ताणलं. वेंडेलने कातड्याला भोक पाडायची आर टेकवली आणि हातोडी मारली. झिजून लांबट झालेल्या जुन्या भोकापासून नवं भोक जवळजवळ वीतभर आत पडलं. वेंडेल हातोडी ठेवायला वळला.

"थांब," पट्टा तसाच ताणून धरत ग्राशियन म्हणाला. "मध्ये आणखी एक पाड. बर्फ पडला की जाड कोटावरून बांधावा लागतो."