परातीतलं पिवळं पाणी

"बघा, निघाली कावीळ," कावीळ उतरवणारा भिकोबा म्हणाला. रेवतीचे हात धुताच परातीतलं चुन्याचं पाणी पिवळंजर्द झालं होतं. आठव्या महिन्यातलं पोट सावरत ती भिंतीला टेकली. डोळे अजून हळदीसारखेच पिवळे होते.

"आता तरी वहिनीचं रक्त तपासू दे, आई," नणंद केतकी म्हणाली. "गरोदरपणी कावीळ जिवावर बेतते."

"चार बुकं शिकलीस म्हणून मला अक्कल शिकवू नकोस. दवाखान्यात नुसत्या सुया टोचतात."

केतकीचं डोकं फिरलं. तिने परात मोरीत ओतली आणि चुन्याचं नवं पाणी घेतलं. भिकोबाने रेवतीच्या हातांना चोळला होता तोच झाडाच्या सालीचा रस तिने आईच्या तळव्यांना फासला आणि मनगटं धरून हात पाण्यात बुडवले. आई शिव्या घालत राहिली. पाणी पिवळं होत गेलं.

"हिलाही कावीळ झाली म्हणायची का?" केतकीने भिकोबाला विचारलं.

तो पिशवी आवरू लागला. आई स्वतःच्या हातांकडे बघत राहिली. मग सुनेच्या अंगावर खेकसली, "बसलीस काय नुसती? चपला घाल. दवाखाना बंद होईल."