आतला जोड

"चीर आहे म्हणून गिऱ्हाइकाला सांगून टाकू, भाव थोडा उतरवू. घ्यायची तर घेईल, नाही तर जाईल," चाचा म्हणाले.

"आणि सांगितल्यानं चीर बुजते का?" अंकलनी खुर्ची उलटी करून बाकावर आपटली. "पाय नवा बसवायचा. त्याशिवाय ही दाराबाहेर जाणार नाही."

गादीवाली दारातच थबकली. हातात खुर्च्यांच्या सहा गाद्यांची चळत, पार हनुवटीपर्यंत. या कारखान्यातलं तिचं हे पहिलंच काम. दोघा भागीदारांना पसंत पडलं तर कायमचं मिळणार होतं, आणि आत तर हे महाभारत!

तेही कशावरून? पायाच्या आतल्या अंगाला नखाएवढी चीर. तिला राहवेना.

"पण चाचा, ती दिसणार तरी कुणाला?"

दोघंही एकदम तिच्याकडे वळले. तेवढ्यापुरती त्यांची युतीच झाली म्हणा ना.

"दिसत नाही म्हणूनच सांगायची, बेटी," चाचा म्हणाले. "खोट लपवून विकलं की ती कमाई हराम."

"मी तर गिऱ्हाइकासाठी काम करतच नाही," अंकल म्हणाले. "प्रभूसाठी करतो. त्याला काय सांगू, पाय चिरलाय, जरा सांभाळून बस?"

"अरे, सुताराच्याच घरात वाढला ना तो? लाकडाला चीर जाते हे त्याला नाही का कळणार?"

"म्हणूनच तर भीती वाटते!"

गादीवालीला हसू फुटलं. "मग इतकी वर्षं जमलं कसं तुमचं?"

"जमलंय कुठं?" चाचा म्हणाले. "शुक्रवारी दुपारी मी नमाजला, रविवारी हा चर्चला. तेवढीच काय ती कारखान्याला शांतता."

बोलता बोलता त्यांनी तिच्या हातातली चळत बाकावर उतरवून एकेक गादी दाबून पाहिली. "वा! झकास शिवल्यास!" अंकलनीही मान डोलावली.

तिचं हसू मावळलं. वरून चौथ्या गादीच्या आत फोमचे दोन तुकडे चिकटवलेले होते. वरचं कापड असं ताणून बसवलं होतं की कुणाच्या बापाला कळलं नसतं. बोललं तर हातातोंडाशी आलेलं काम जाणार.

"हिच्यात जोड आहे," ती चौथी गादी ओढून काढत म्हणाली. "फोम कमी पडला, म्हणून तुकडे चिकटवले."

चाचांचा चेहरा खुलला. अंकलचा पडला.

तिनं अंकलपुढे हात केला. "कात्री द्या. उसवते. अखंड फोम घालून उद्या आणते."

अंकलनी कात्री दिली. तिनं पहिला टाका कापला. दोघं बघत राहिले.

"उद्यापासून इथंच बसून शिवत जा, बेटी," चाचा म्हणाले.

"बसेल कशावर?" अंकल करवादले. "त्या चिरलेल्या खुर्चीवर?"

"का नाही? तिला सांगितलंय ना!"