वरचा सूर

“आज तुझं ते गाणं म्हण,” बाई म्हणाल्या.

ठिणगीला वाटलं, थट्टा चाललीय. तिच्या कार्यक्रमांच्या पोस्टरवर तिचं हेच नाव असायचं. पण कॉलेजच्या या खोलीत बाईंनी ते एकदाही उच्चारलं नव्हतं. इथे ती साधी विद्यार्थिनी होती आणि सगळं सत्र नुसता एकेक सूर धरून ठेवण्यात गेलं होतं. पाश्चात्त्य शास्त्रीय गायनाच्या वर्गात तिच्या गाण्यांचं नाव काढायचीसुद्धा चोरी.

“कोणतं गाणं, बाई?”

“कोणतं काय! माझ्या नातीनं ज्याच्यापायी घर डोक्यावर घेतलंय, ते.”

खोली लहान होती. एक पियानो, दोन खुर्च्या, उकाड्यामुळे अर्धवट उघडं ठेवलेलं दार. माइक नाही, दिवे नाहीत. बाईंनी एक पट्टी दाबून सूर दिला आणि हात मांडीवर ठेवले.

पहिल्या ओळी छान गेल्या. खरोखरच छान, इतक्या महिन्यांची घासाघीस फुकट गेली नव्हती. मग चाल वर चढू लागली. सगळ्यात वरच्या सुरापाशी ठिणगी थांबली, तिनं मान मागे टाकली आणि उजव्या हाताची रिकामी मूठ समोरच्या भिंतीपुढे धरली.

भिंत गप्प राहिली.

ठिणगीनं हात झटकन खाली घेतला. तिचे कान तापले होते.

“वरचा सूर कुठे गेला?” बाईंनी विचारलं.

“तो... तो लोक म्हणतात, बाई. मी तिथे माइक त्यांच्यापुढे धरते.”

“लोक म्हणतात ते कळलं. तू काय म्हणतेस?”

ती हसायला गेली, पण हसू काही आलं नाही. एका कार्यक्रमात तो सूर तिच्या गळ्यात फाटला होता. कुणाला कळलंही नाही, कारण अख्खं मैदान तिच्याबरोबर गात होतं. त्यानंतर दर वेळी ती त्या जागी माइक पुढे करू लागली. लोकांना वाटायचं, काय हिची आपल्यावर माया! पोरी रडायच्या. आणि ती दर कार्यक्रमात आधीपेक्षा जास्त घाबरायची. तो सूर आपल्यापाशी अजून आहे की गेला, तेच तिला ठाऊक नव्हतं. ते कळावं म्हणूनच ती इथे आली होती, आणि हे तिनं आईलाही सांगितलं नव्हतं.

“फाटला तर?”

“फाटला तर फाटला. मी कुठे तिकीट काढून बसलेय?”

ठिणगीनं पुन्हा सुरुवात केली. त्याच ओळी, तीच चढण. तिनं तोंड उघडलं, आणि सूर दाराबाहेरून आला. पाच-सहा कोवळे आवाज, भरभरून, अगदी नेमक्या सुरात. पुढच्या तासाच्या मुली कधीच्या दाराशी गोळा झाल्या होत्या. ओळ संपताच त्यांनी टाळ्या वाजवल्या. एकीचे तर डोळे भरून आले होते.

ठिणगीलाही भरून आलं. अशा वेळी काय करायचं, ते तिच्या अंगवळणी पडलं होतं. छातीवर हात ठेवायचा, मान झुकवायची, की निभावलं. तिनं बाईंकडे पाहिलं. बाई पियानोकडे बघत बसल्या होत्या.

ती दारापाशी गेली. मुलींनी लगबगीनं मोबाइल वर केले. तिनं दार लावून घेतलं आणि कडी घातली.

“एवढा कसला भाव खातेय!” बाहेर कुणीतरी म्हणालं. आत ते स्पष्ट ऐकू आलं.

ती जागेवर येऊन उभी राहिली. ओळी कशाबशा पार पडल्या, चढण आली, आणि या वेळी मदतीला कुणीही आलं नाही. सूर लागला; लागला आणि लगेच फाटला.



“होता की,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी तीच पट्टी पुन्हा दाबली.