डोंगरावरचा काळोख

दूरच्या ताऱ्याचा गॅमा किरण हवेत फुटला की पापणी लवायच्या आत एक निळसर चमक उमटून विरते. डोंगरावरच्या दुर्बिणीने ती टिपायची, तर खाली गावभर दिव्यांचा लखलखाट! शास्त्रज्ञबाईंनी नगराध्यक्षांचा उंबरठा झिजवला, तेव्हा कुठे साहेब पाघळले. "मॅडम, आता काळजी सोडा." आणि खरंच, रस्त्यांवरचे दिवे विझले. बाईंनी हुश्श करून दुर्बीण वळवली, तर कॅमेऱ्याचा पडदा पांढराफटक! डोंगराच्या पायथ्याशी चारमजली फलक उभा होता. त्यावर हसरे नगराध्यक्ष, खाली ‘काळोख जपा’, आणि चहूबाजूंनी झगझगीत दिवे.

बाईंनी तणतणत फोन लावला. "साहेब, आधी त्या फलकावरचे दिवे बंद करा!"

"कमाल करता मॅडम! मग अंधारात लोकांनी तो वाचायचा कसा?"