खरखर

"इंजिन बंद करू नको!" मिस्त्री ओरडले, तोवर सुनेचा हात किल्लीपाशी पोचलाच होता. "बॅटरीत जीव नाही. एकदा बंद पडलं, की ना गाडी सुरू होणार, ना वायरलेस."

तिने चटका बसल्यासारखा हात मागे घेतला. पुढे दरड, मागे दरड. एका अंगाला कडा, दुसऱ्या अंगाला दरी. मधल्या पन्नास पावलांच्या रस्त्यात दोघं पिंजऱ्यातल्या उंदरांसारखी अडकली होती आणि वरून अजून खडे घरंगळत होते. एक धोंडा मिस्त्रींच्या उजव्या मनगटावर बसला होता. मनगट टम्म सुजलं होतं. मोबाइलला या घाटात कधीच रेंज नसायची. उरला होता तो डॅशबोर्डखालचा वायरलेस, आणि त्यातून नुसती खरखर येत होती.

सून वरच्या गावातल्या दवाखान्यात नर्स होती. तिला घरी न्यायला सासरे आले होते, आपल्या साठ वर्षांच्या लाडक्या जीपमधून. गेल्याच महिन्यात त्यांनी जीपचा सांगाडा सुटा करून आतून-बाहेरून रंगवला होता. घाटात जायचं तर वायरलेस हवाच, हा हट्ट सुनेचा. मिस्त्रींनी मात्र त्याला कधी हात लावला नव्हता. त्याच्या दुसऱ्या टोकाला, खालच्या बचाव केंद्रात, त्यांचा मुलगा बसायचा.

चार वर्षांपूर्वी मिस्त्रींच्या गॅरेजमधून गेलेल्या एका गाडीचे ब्रेक वळणावर निकामी झाले. गाडीवाल्याचा पाय गेला. मिस्त्रींनी चारचौघांत पोराकडे बोट दाखवलं आणि त्याला गॅरेजबाहेर काढलं. पोरगा एक शब्द उलटून बोलला नाही. त्या दिवसापासून बापलेकांत अबोला होता.

"मी किती वेळा बोलले, बाबा. उत्तरच नाही," सून म्हणाली. "आपलं तिकडे पोचतच नाहीये."

"कसं पोचेल? या कोलाहलात आपल्याला काही ऐकू येईना, त्यांना काय येणार!" मिस्त्रींना इंजिनातलं सगळं कळत होतं, वायरलेसमधलं ओ की ठो नाही. पण ही खरखर इंजिनातली होती. सुनेने रेसवर पाय दाबला की ती वाढायची, सोडला की मंदावायची. आणि पाय सोडून चालणार नव्हतं. उभ्या गाडीत रेस दिली नाही तर डायनॅमो बॅटरीला काही देत नव्हता. काट्यावर पेट्रोल पाव टाकी राहिलं होतं.

त्यांनी डाव्या हाताने किल्ली क्षणभर बंदवर फिरवली आणि इंजिन फिरतंय तोवर परत आणली. इंजिन अडखळलं, पुन्हा धरलं.

"बघितलंस? वायरलेस चालूच होता, तरी किल्ली फिरवल्याबरोबर खरखर तुटली. डायनॅमोची असती तर कण्हत कण्हत विरली असती. ही ठिणगीची आहे. कॉइलला एक कंडेन्सर असतो, बोटाएवढी डबी. ठिणगीचा गोंगाट तो बॉडीत सोडतो. तो ढिला पडला असेल. उघड बॉनेट, आवळ. माझ्या हाताने पाना धरवणार नाही."

"मी?"

"इंजेक्शन देतेस ना लोकांना? मग. फक्त जाड वायरींना शिवू नकोस, झटका देतील."

ती बॉनेटखाली शिरली. मिस्त्री ड्रायव्हरच्या जागी बसले. उजवा पाय रेसवर, डाव्या हातात माइक. कोणीतरी बोलत राहायला हवं होतं.

"हॅलो. घाटात अडकलोय. दुसऱ्या वळणाच्या वर. दोघं आहोत." बटण सोडलं. खर्रर्र. पुन्हा तेच. पुन्हा खर्रर्र.

"डबी सापडली!" सून ओरडली. "पण घट्टच आहे हो!"

"मग सोडव आणि खालचा रंग खरवड! रंगावर बसवलीय मी ती. लोखंडाला लोखंड लागत नाहीये!"

ती हत्यारांच्या पेटीतल्या सुरीने खरवडू लागली. इतक्यात वरून मोठा धोंडा सुटला. जीपच्या पुढच्या चाकापासून हातभर अंतरावर आदळून दरीत गेला. सून खाली बसली आणि पुन्हा उठून कामाला लागली.

पुढचा धोंडा नेमका कुठे पडेल हे सांगता येत नव्हतं. त्यांनी माइक तोंडाशी नेला. बॉनेट उघडं, इंजिनाची घरघर. सुनेला काही ऐकू जाणार नव्हतं. आणि तिकडे तर काहीच पोचत नव्हतं.

"तो नट तू ढिला सोडला नव्हतास," ते म्हणाले. "ब्रेकच्या पाइपचा. मीच आवळायचा विसरलो. त्याच संध्याकाळी लक्षात आलं होतं माझ्या. पण तीस वर्षांचं नाव होतं रे. वाटलं, पोरगं तरुण आहे, झेलेल. तू झेललंस. मग रोज वाटायचं, आज सांगू, आज सांगू. तोंडच उघडलं नाही." त्यांनी बॉनेटकडे पाहिलं. "तुझी बायको जिवावर उदार होऊन काम करतेय बघ. तिला काही झालं, तर ते पापही माझंच."

बटणावरचा अंगठा सुटला. खर्रर्र.

"बसवली!" सुनेने पाना उंचावला. "आता बघा!"

खरखर गेली. इंजिन तसंच गुरगुरत होतं, पण स्पीकर एकदम शांत झाला, बाहेरच्या गर्दीवर कुणी दार लोटून घ्यावं तसा. मग त्यातून आवाज आला. चार वर्षांत न ऐकलेला, जरा बसलेला.

"दरड उपसायचं मशीन तासापूर्वीच निघालंय. कड्यापासून लांब राहा दोघंही. आणि बाबा, खरखर फक्त तुमच्याकडे होती. मला पहिल्या शब्दापासून सगळं स्वच्छ ऐकू येतंय."